यशयातील राष्ट्रांविरुद्धच्या देववाणी आणि ‘जागे राहणे’

प्रश्न – नवा वाचक
बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचे 13 ते 23 हे अध्याय सध्या सलग वाचत आहे. बाबेल (बॅबिलोन), मवाब, दिमिष्क (दमास्कस), मिसर (इजिप्त), सोर (टायर) अशा एकेका राष्ट्रावर न्याय जाहीर होत जातो. आमच्या अभ्यासगटातील काही जण यातील प्रत्येक वचनाचा धागा आजच्या बातम्यांशी जुळवतात आणि यालाच आध्यात्मिक जागरूकता म्हणतात. मला ते पटत नाही. पण मवाबासारखे राष्ट्र केव्हाच लयाला गेले असताना, त्याच्यावरील न्यायाचे वचन वाचून आपण नेमके कशाविषयी जागे राहायचे?

उत्तर – जुना सभासद
आमोस या संदेष्ट्याच्या ग्रंथाचे पहिले दोन अध्याय सोबत वाचावेत. इ.स.पू. आठव्या शतकातला, तकोवा गावचा हा मेंढपाळ उत्तरेच्या इस्राएल राज्यात जाऊन आधी दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब यांचे अपराध मोजतो. ऐकणारे माना डोलावत असतील, असे मला नेहमी वाटते. मवाबाचा अपराध तर इस्राएलविरुद्धचा नाहीच: त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, म्हणजे एका परक्याने दुसऱ्या परक्याची विटंबना केली, आणि तरीही परमेश्वर तिचा हिशेब मागतो. त्यानंतर दक्षिणेचे यहूदा राज्य येते आणि शेवटी खुद्द इस्राएल, जिथे चांदीसाठी नीतिमानाला आणि जोडाभर पायतणांसाठी गरिबाला विकले जाते. इ.स.पू. 722 च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन अश्शूर साम्राज्याच्या हाती पडली. शेजाऱ्यावरचा न्याय ऐकताना जो सुखावतो, तोच येथे झोपलेला असतो.

उत्तर – इतिहासप्रेमी
बातम्यांशी मेळ घालणाऱ्यांना यहेज्केल संदेष्ट्याचा ग्रंथ दाखवावा. 26 व्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर उद्ध्वस्त करील असे म्हटले आहे, तर 29 व्या अध्यायात तोच संदेष्टा सांगतो की सोरेविरुद्धच्या कष्टांचे वेतन त्याला मिळाले नाही, म्हणून त्याला मिसर दिला जाईल. बेटावरचे ते शहर पुढे इ.स.पू. 332 मध्ये, समुद्रात भराव टाकून, अलेक्झांडरने जिंकले. दोन्ही वचने ग्रंथात शेजारी ठेवणाऱ्यांना घटनांच्या वेळापत्रकाची घाई नव्हती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

प्रश्नकर्ता
आमोसाचा क्रम लक्षात आला. पण यशयातच ‘पहारेकऱ्या, रात्र किती उरली?’ असा प्रश्न येतो. तिथे तरी काळाची विचारणाच आहे ना?

उत्तर – जुना सभासद
विचारणा आहे, पण उत्तर पाहा: ‘सकाळ येत आहे आणि रात्रही.’ पहारेकरी तास सांगत नाही. पुन्हा या, पुन्हा विचारा, एवढेच म्हणतो. हे 21 व्या अध्यायात आहे, आणि लगेच 22 व्या अध्यायात, परराष्ट्रांच्या या रांगेतच, खुद्द यहूदाची राजधानी यरुशलेम उभी केली आहे. तेथील लोक बेसावध नव्हते. त्यांनी शस्त्रागार तपासले, तटाची भगदाडे पाहिली, घरे मोजली, तट बळकट करण्यासाठी काही पाडलीही, पाणी साठवले. एवढे सारे पाहिले, पण हे ज्याने घडवले त्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही, आणि विलापाचा दिवस असताना मांस खात, द्राक्षारस पीत बसले. तुमच्या गटाने पुढच्या बैठकीत हाच अध्याय घ्यावा आणि बाबेलचा 13 वा थोडा लांबणीवर टाकावा, असे सुचवतो.