मदत हवी आहे: क्रॉसरोड्स मॉलचं प्रवेश तिकीट

दिवाळी अंकासाठी मुंबईतल्या जुन्या मॉलवर लिहितोय. हाजीअलीजवळचा क्रॉसरोड्स (नंतरचा सोबो सेंट्रल) १९९९ मध्ये सुरू झाला तेव्हा आत जायला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागायचं, नाहीतर तिकीट काढा, म्हणजे आमच्यासारख्यांनी एसीची हवा खायलाही पैसे मोजायचे! नेटवरच्या बातम्या वाचून झाल्यात, पण तिकिटाचा फोटो कुठेच नाही. घरी विचारलं तर सगळ्यांना फक्त सरकता जिनाच आठवतो, आई साडीच्या निऱ्या मुठीत धरून पहिल्या पायरीशी थबकलेली आणि मागे ही रांग. तिकीट विकत नकोय, स्कॅन किंवा मोबाईलवरचा फोटो चालेल, नाव छापायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं. कोणी जपून ठेवलंय का, आणि हा नियम नक्की कधी बंद झाला?