मदत हवी आहे : ट्रक अपघाताच्या दाव्यासाठी नागपुरात वकील

अमरावती रोडवर वाडीजवळ रात्री बंद पडलेला ट्रक रस्त्यातच उभा होता. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टर नाही, धोक्याचा त्रिकोणही ठेवलेला नाही. माझा मोठा भाऊ दुचाकीवरून मागून धडकला. मांडीचं हाड मोडलं, कामावर जाणं अजून बंदच आहे.

विमा कंपनी म्हणते, मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच. मला हे अजिबात पटत नाही. अंधारात दिसणार काय? शिवाय ट्रकचं फिटनेस सर्टिफिकेटही संपलेलं होतं.

एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिलं जवळ आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार दावा ६ महिन्यांत दाखल करायचा असतो, त्यामुळे घाई आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अशी प्रकरणं चालवलेले वकील कोणी सुचवाल का? भरपाईत टक्का मागणारे नकोत. वकिलांना तशी फी घेता येत नाही. उभ्या ट्रकच्या प्रकरणात कुणाला भरपाई मिळाली असेल, तर कोणता पुरावा कामी आला तेही कृपया सांगा.