मदत हवी आहे : आठवीच्या पुतणीला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलायचं’ यातून बाहेर कसं काढू?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. पुतणी मराठी शाळेत आठवीला आहे. गावात शिकवणी नाही, रोज बेळगावला पाठवणं जमत नाही, म्हणून संध्याकाळी गणित मीच घेतो. (चलासाठी इथं क्ष लिहितोय.)

५क्ष − ७ = २क्ष + ८ हे तिनं ३क्ष = १५ पर्यंत बरोबर आणलं. पुढं लिहिलं, क्ष = १५ − ३ = १२. विचारलं तर म्हणते, “काका, तीन पलीकडं गेला की! मग चिन्ह बदलणारच.” नियम तिनं चोख पाळलाय, तो आला कुठून हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

मग तराजू घेऊन बसलो. २क्ष + ३ = ११ ला दोन्ही पारड्यांतून ३ काढले, उरलेल्या ८ चे दोन सारखे वाटे केले, लगेच उमगलं. पण वरच्या उदाहरणात उणे ७ आहे. “उणे सात किलो पारड्यात कसं ठेवायचं?” हा तिचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडं उत्तर नाही. पोरगी विचार करणारी आहे. तिनं गणित पाठ करून ढकलावं हे मला बघवत नाही. ज्यांनी मुलांना शिकवलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद, निपाणीहून

दादा, पोरीनं तराजूची हद्द स्वतःच ओळखली, ही फार चांगली खूण आहे. तराजू आता बाजूला ठेवा. त्यातली एकच गोष्ट घ्या : जे डावीकडं कराल तेच उजवीकडं. आणि ‘पलीकडं नेलं’ हे बोलणं काही दिवस पूर्ण बंद. प्रत्येक ओळीपुढं काय केलं ते तिला लिहू दे :

५क्ष − ७ = २क्ष + ८
५क्ष = २क्ष + १५ … दोन्हीकडं ७ मिळवले
३क्ष = १५ … दोन्हीकडून २क्ष वजा केले
क्ष = ५ … दोन्हीकडं ३ ने भागलं

७ वजा केलेला होता, म्हणून मिळवून घालवला. ३ मात्र क्षला गुणलेला आहे, तो भागूनच सुटणार. १५ मधून ३ वजा करायचे तर डावीकडूनही करायला हवेत, आणि तिथं उरतं ३क्ष − ३. हे तुम्ही सांगू नका, तिलाच करून बघू दे.

दुसरं, ताळा. मुलं तो टाळतात, पण शिक्षक जवळ नसताना चूक दाखवणारं तेवढंच एक साधन हाताशी असतं. १२ घातले तर डावी बाजू ५३, उजवी ३२. ५ घातले तर दोन्ही १८. मी तर ताळा नसेल तर उदाहरण तपासतच नाही.

धागाकर्ता

सर, मनापासून आभार. ३क्ष − ३ तिनं स्वतः लिहिलं आणि १२ स्वतःच खोडलं! आता कंसाशी अडलीय. ७ − २(क्ष − ३) = १ चं ती ७ − २क्ष − ६ = १ करते आणि उत्तर शून्य काढते.

प्रतिसाद, निपाणीहून

आधी शून्याचा ताळा करायला सांगा : ७ − २ × (−३) म्हणजे १३, १ नव्हे. मग कंस सोडवताना नुसत्या २ ने नाही, −२ ने गुणायचं : −२ × −३ = +६. म्हणजे १३ − २क्ष = १, २क्ष = १२, क्ष = ६.

शाब्दिक उदाहरणं आत्तापासूनच द्या, आणि घरातली द्या. कोल्हापूरच्या आत्याला कुंद्याचे ३ डबे पाठवले, पार्सलचे ८० रुपये धरून ५०० झाले, तर एका डब्याची किंमत किती? समीकरण तिनं मांडायचं, तुम्ही गप्प बसायचं. ते जमलं की अपूर्णांकाचं हे द्या : क्ष/३ + १ = क्ष/२ − २. आधी दोन्ही बाजूंना ६ ने गुणायचं, १ आणि २ यांनासुद्धा. उत्तर १८ आलं नाही तर तिच्या वहीतल्या ओळी जशाच्या तशा इथं टाका, बघू.