इंग्रजीत नवी नामं रोज येतात, मग नवं सर्वनाम का येत नाही?

पाटी_पेन्सिल:
अकरावीला इंग्रजी शिकवते. शब्दांच्या जाती चालू असताना एका मुलीने विचारलं, "सेल्फी शब्दकोशात आला, गूगलचं क्रियापद झालं. मग 'ही' आणि 'शी' दोघांनाही चालेल असं एक सर्वनाम कुणी का नाही बनवलं?" पुस्तकात उघडे वर्ग (नवे शब्द सहज घेणारे, जसं नाम) आणि बंद वर्ग (सहसा न घेणारे, जसं सर्वनाम) असं दिलंय, पण ते नुसतं नाव झालं, त्यातून कारण कळत नाही. तिला खरं उत्तर मिळायला हवं. सर्वनामांची जुनी उदाहरणं कुणाकडे आहेत का?

जुनी_वही:
बनवलं होतं की! चार्ल्स कन्व्हर्स नावाच्या अमेरिकन वकिलाने (ते संगीतकारही होते) १८५८ साली 'दॅट' आणि 'वन' जोडून 'थॉन' तयार केलं. वेब्स्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात ते छापलंही गेलं. १९६१च्या आवृत्तीतून गळलं, कारण बोलण्यात ते कधी रुजलंच नाही. नव्या वस्तूला नाव लागतंच, म्हणून नाम पटकन शिकलं जातं. सर्वनाम मात्र आपण विचार न करता दर दुसऱ्या वाक्यात बोलतो. ती सवय कोशात छापून बदलत नाही.

शेजाराने मात्र बदलते, आणि हे वर्गात जरूर सांगा. 'दे, देम, देअर' हे मूळ इंग्रजी नाहीतच, नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतले आहेत. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातून आलेले हे व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला शेती करून राहिले, इंग्रजांशी सोयरिकी झाल्या. दोन्ही भाषा जवळच्या. त्यात जुन्या इंग्रजीत 'हिम' म्हणजे 'त्याला' आणि 'त्यांना'ही, त्यामुळे घोळ व्हायचा. नॉर्स रूपांनी तो मिटला. ती दक्षिणेत पोचायला शतकं लागली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा कवी चॉसर 'दे' लिहितो, पण 'देम'च्या जागी अजून 'हेम'च लिहितो. आज इंग्रज घाईत 'टेल एम' म्हणतात ना, तो 'एम' म्हणजे 'देम' तुटून झालेला नव्हे, तो हाच जुना 'हेम'!

दुपारची_गाडी:
गेलेली सर्वनामंही सांगा. जुन्या इंग्रजीत 'वित' म्हणजे 'आम्ही दोघं'. तेराव्या शतकाच्या सुमारास ते संपलं. संस्कृतचं द्विवचन मराठीत उरलं नाही, तसंच. 'दाऊ' म्हणजे आपला 'तू'. मोठ्या माणसाला 'यू' म्हणायची रीत फ्रेंचांच्या प्रभावाने आली, मग कुणाचा अपमान नको म्हणून सगळ्यांनाच 'यू' सुरू झालं. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सगळी माणसं समान म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ'च म्हणत, आणि त्याबद्दल त्रासही सोसत. यॉर्कशरमधल्या जुन्या लोकांच्या तोंडी 'दा' असं रूप अजून ऐकू येतं.

काना_मात्रा:
बंद वर्ग म्हणजे कुलूपबंद, असं मात्र शिकवू नका. 'ड्यूरिंग', 'कन्सर्निंग' ही क्रियापदांच्या रूपांतून घडलेली शब्दयोगी अव्ययं आहेत. आणि आपल्याकडेच बघा: बद्दल, बाबत, शिवाय, खेरीज. सगळी अरबी-फारसीतून आलेली. कितीतरी पिढ्या दफ्तरं फारसीत चालली, तेव्हा कुठे ती आपली झाली.

पाटी_पेन्सिल:
'बद्दल' रोज वापरते, पण असा विचार केला नव्हता. उद्या इथूनच सुरुवात करते. पण मुलीचा प्रश्न उरतोच. 'ही' आणि 'शी'च्या मधलं काय?

जुनी_वही:
त्यासाठी इंग्रजांनी नवा शब्द न आणता 'दे'लाच कामाला लावलं. एका माणसासाठी 'दे' चौदाव्या शतकापासून लिहिलेलं सापडतं. पुढे व्याकरणकारांनी त्याला चूक ठरवलं, तरी बोलण्यातून ते गेलं नाही. २०१९ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने 'दे'लाच वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. मुलांना एवढं सांगून ठेवा: माणूस एक असला तरी 'दे'पुढे 'आर'च येतं. 'यू'पुढे येतं तसंच, तेही मुळात अनेकवचनीच होतं.