फ्लोरिडाला आई-बाबांना, पोराबाळांना घेऊन गेलात? लिहा तुमच्या आठवणी

काल लेकीचं कॉलेजचं सामान बांधत होते. एका खोक्यात तिची सह्यांची वही निघाली. २०१४, ऑरलँडोचं डिस्नी वर्ल्ड. मिकी, गूफी, दोन-तीन राजकन्या, सगळ्यांच्या वेलबुट्टीच्या सह्या. आणि शेवटच्या पानावर निळ्या बॉलपेननं, हजेरीपटावर करायची तश्शी, आईची सही! लेक सात वर्षांची होती, "आजी, तू पण दे" म्हणून हटून बसली होती.

आई मिरजेहून आली होती. राजवाडा, आतषबाजी सगळं "छान आहे हो" म्हणत पाहिलं तिनं. पण जीव जडला तो ब्लू स्प्रिंगला. ऑरलँडोच्या उत्तरेला तासाभरावर आहे. डिसेंबरातली सकाळ, पाण्यावरून वाफा निघत होत्या. झऱ्याचं पाणी बारा महिने २२ अंश, म्हणून नदी गारठली की मनाटी, म्हणजे समुद्रगायी, तिथे येतात. एक आई आणि तिला चिकटून पिल्लू. आईच्या पाठीवर बोटीच्या पंख्याचे पांढरे वण, ओळीनं पाच. आमची आई कठडा धरून तासभर उभी. "किती सोसलंय गं हिनं," एवढंच म्हणाली.

तुम्हीही लिहा. कालपासून दुसरं काही सुचतच नाहीये.

कोकमसरबत
अगं रडवलंस सकाळी सकाळी.
आमच्या सासूबाईंनी पहाटे चारला उठून दशम्या केल्या होत्या, वीस. डिस्नीत आपलं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेची बरणी नको. दारावर पिशवी तपासताना डबा उघडला आणि लसणाच्या चटणीचा घमघमाट! तो पोरगा हसला, तर सासूबाई "घे रे बाळा, खा" म्हणून दशमी पुढे करतायत. त्यानं घेतली नाही पण छातीवर हात ठेवून वाकला. ते त्या अजून सांगतात येणाऱ्या-जाणाऱ्याला.

टँपाकर
एव्हरग्लेड्सच्या दलदलीत रॉयल पामला जाणार असाल तर गाडीवर ताडपत्री घालाच. तिथली गिधाडं वायपरचं, काचेभोवतीचं रबर उपटून खातात. ताडपत्र्या तिथेच ठेवलेल्या असतात. बाबांनी आमच्या गाडीला अशी बांधली, पावसाळ्याआधी पडवीला झापं बांधतात तशी. परत आल्यावर गाठी सोडायला वीस मिनिटं.
पुढे लाकडी वाटेवरून चालताना एक पक्षी पंख पसरून वाळवत बसलेला. बाबा जागच्या जागी थांबले. "अरे, हा आपला तिरंदाज!" तो ॲनहिंगा, तिरंदाजाचा सख्खा चुलतभाऊ. खाली मगरी पडल्या होत्या, त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्यांनी.

रात्रपाळी
ड्यूटीवर आहे, नंतर लिहिते. क्लिअरवॉटरची वाळू!!! पिठीसाखर!!!

अंगणातली_जाई
@कोकमसरबत दशम्या दुधातल्या का नुसत्या पाण्यातल्या? माझ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात.

कोकमसरबत
दुधातच, आणि थोडं तेल मोहन. गूळ घालणार असशील तर दुधात आधी विरघळवून घे.

दाभोळवाला
मेलबर्न बीच (फ्लोरिडातलंच), जून. रात्री कासवं बघायला वाटाड्याबरोबर गटानं नेतात, टॉर्च नाही, मोबाईल नाही. दोन तास नुसती लाटांची गाज. मग लॉगरहेड कासवीण वर आली, अंधारात दगड सरकल्यासारखी. अंडी घालायला लागली की मग जवळ जाऊ देतात. तिच्या मागच्या वल्ह्यांनी वाळू उपसायची लय, आणि तो दमल्यासारखा श्वास. माझी मुलगी माझं बोट सोडेना.
मी वेळासला लहानपणापासून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलीत, पण आई कधी पाहिली नव्हती. आता मुलीला मार्चमध्ये वेळासला नेणार आहे. उरलेली अर्धी गोष्ट बघायला.

पेठेतला_परदेशी
आम्ही केनेडी स्पेस सेंटरला एक दिवस ठेवला होता. अटलांटिस यान तर पाहाच, पण बाहेर आरशासारख्या काळ्या ग्रॅनाइटची भिंत आहे, तिच्यात जीव गमावलेल्या अंतराळवीरांची नावं कोरलीत. कल्पना चावला. २००३ साली मी बारावीत होतो, बातमी लागली तेव्हा आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं. मुलाला उचलून नाव दाखवलं.

अंगणातली_जाई
एक विचारू का? सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास. डिस्नीत व्हीलचेअर मिळते?

टँपाकर
भाड्यानं मिळते, दारातच. उन्हाळ्यात मात्र नका नेऊ, दुपारी रोजचा गडगडाट आणि घामाच्या धारा. जानेवारी-फेब्रुवारी बघा, मनाटीही दिसतील.

अंगणातली_जाई
बरं. थँक्यू दादा.

(धागाकर्ती)
सगळ्यांचं वाचतेय, पोळ्या लाटता लाटता. आत्ता आईला फोन केला, सहीचं सांगितलं. ते आठवत नाही म्हणाली. लगेच विचारते, "त्या पिल्लाचं काय झालं असेल गं?"

टँपाकर
काकूंना सांगा, ब्लू स्प्रिंगला थंडीत रोज सकाळी मोजदाद करतात, पाठीवरच्या वणांवरून एकेकीला ओळखतात. आणि मनाटी भरपूर जगतात. ब्रेडेंटनच्या संग्रहालयातला स्नूटी ६९ वर्षांचा झाला होता. म्हणजे ते पिल्लू आता अकरा-बारा वर्षांचं, येत असेल दर थंडीत.

(धागाकर्ती)
थांबा, परत फोन लावते.