आजोबा स्वर्गात गेले का परत जन्मले? मग पितृपक्षात पान कोणासाठी?

गोदाकाठची_नात: आजोबांचा दहावा पैठणला केला. कावळा काही केल्या शिवंना, शेवटी काका पिंडाकडं बघून म्हणले, धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, तुम्ही काळजी करू नका, तेव्हा शिवला. सगळे म्हणले आजोबा स्वर्गात गेले. तेराव्याच्या कीर्तनात बुवांनी सांगितलं पुण्य संपलं की परत जन्म. आता जन्मच घेतला असंल तर पान जेवायला येणार कोण? दोन्ही गोष्टी एकत्र आल्या कशा, कुणी नीट सांगाल का?

बीडचा_वाचक: ताई, हे वेगवेगळ्या काळातलं आहे, एकावर एक साचत गेलेलं. ऋग्वेदात पुनर्जन्माचं स्पष्ट असं काही नाही, दहाव्या मंडळातल्या 14 व्या सूक्तात यम म्हणजे वाट शोधून काढणारा पहिला, त्याच वाटेनं माणूस जातो अन् आपल्या पितरांना भेटतो, बास. मग ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे वेदांनंतरच्या यज्ञविधींच्या ग्रंथांत, धास्ती दिसते की तिथं गेल्यावरही मरण आलं तर? पुनर्मृत्यू म्हणतात त्याला. छांदोग्य उपनिषदात तर पितृयानानं, म्हणजे पितरांच्या वाटेनं, गेलेला चंद्रापर्यंत जातो, पुण्य सरलं की पावसाबरोबर खाली, धान्यात, अन् तिथून परत पोटात. बुवा बोलले ते गीतेतलं, 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'. पण नवा विचार आला म्हणून घरातल्या माणसाला जेवू घालणं कुणी बंद केलं नाही, आणि मला तरी ते बरोबरच वाटतं.

परभणीवाला: ज्यू लोकांतही असंच झालंय. आधी चांगले-वाईट सगळे मेलेले शिओल नावाच्या एकाच अंधाऱ्या जागी जायचे. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात धर्मापायी माणसं मारली जायला लागली, त्याच काळातल्या दानिएलच्या पुस्तकात मेलेले उठतील अन् न्याय होईल असं स्पष्ट येतं. अन्यायानं मेलेल्याचं काय, हा प्रश्न पडल्याशिवाय माणूस असा स्वर्ग मागत नाही. आमच्या मुसलमानांत कयामतपर्यंत, म्हणजे शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत, बरजख नावाची मधली अवस्था असते, जन्नतचा फैसला नंतर. तरी शब-ए-बरातला आम्ही कब्रस्तानात जाऊन अब्बांसाठी दुवा मागतोच.

लातूर_जयभीम: आम्ही बाबासाहेबांनी 1956 ला दिलेल्या 22 प्रतिज्ञांप्रमाणं श्राद्ध, पिंडदान करत नाही. पण बौद्ध ग्रंथांत स्वर्ग आहेत, फक्त कायमचे नाहीत. अजिंठ्याला 17 नंबरच्या लेणीत व्हरांड्याच्या डाव्या भिंतीवर भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या चाकाचं चित्र, आहे, बरंच झडलंय, तरी थांबून बघा. अशा चक्रात देवलोकसुद्धा चाकाच्या आतच असतो, म्हणजे सुटका तिथंही नाही.

बीडचा_वाचक: आणि ताई, पैठणचंच घ्या. एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले अशी कथा आहे. पान वाढायचंच असंल तर असं वाढा.