निन्टेन्डो ताकदीच्या शर्यतीत उतरतच नाही, तरी टिकतं कसं?

प्रश्न: सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दर वेळी ग्राफिक्सवरून भिडतात आणि निन्टेन्डो मात्र जुनाच चिप घालून कन्सोल (व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) काढतं, तरी त्यांचा स्विच १५ कोटींच्या वर विकला गेला, हे गणित काय आहे?

उत्तर १: ही त्यांची जुनी चाल आहे रे. १९८९ चा त्यांचा हातात धरून खेळायचा गेमबॉय बघ, स्क्रीन रंगीत नव्हती, प्रतिस्पर्धी सेगा कंपनीचा गेम गिअर रंगीत होता पण सहा सेल घालून तीन-पाच तासांत झोपायचा, गेमबॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. गेमबॉय घडवणारे गनपेई योकोई यांचं म्हणणंच होतं की स्वस्त झालेलं, मुरलेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या पद्धतीनं वापरा.

उत्तर २: बरोबर, पण खरी ताकद मारिओ, झेल्डा, पोकेमॉन. हे गेम सोनीच्या प्लेस्टेशनवर मिळतच नाहीत, मग लोक दुसरा कन्सोल म्हणून का होईना घेतातच.

उत्तर ३: नुसत्या मारिओवर भागत नाही हो, निन्टेन्डोच्याच वी यू कन्सोलवर पण मारिओ होता की, तरी जेमतेम १.३५ कोटी विकला गेला, कारण तो नवा कन्सोल आहे की त्यांच्या आधीच्या वी कन्सोलची ॲक्सेसरी हेच कित्येकांना कळलं नाही. स्विच हातात धरून दाखवला की लगेच कळतो, मला तरी हेच मोठं कारण वाटतं.